दा. ध. कोसंबी: गणिताच्या प्राध्यापकाची समाजचिकित्सा नेमकी कशावर उभी आहे?

घाटवाट

कोसंबींचे नाव निघाले की चर्चा लगेच 'मार्क्सवादी म्हणजे कुठल्या प्रकारचे' इथे येऊन अडकते आणि मूळ काम बाजूला राहते. ते समाजाबद्दल जे कठोर बोलले, त्याच्या मुळाशी तराजू, पोथ्यांची ताळेबंद तुलना आणि डोंगरातली पायपीट आहे. ही कामे त्यांनी कशी केली, कुठे जमली आणि कुठे फसली, यावर जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा.

आधी ओळख. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातले कोसबेन. वडील धर्मानंद कोसंबी, पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे पंडित. ते 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्डला जात, म्हणून मुलाचे बरेचसे शिक्षण अमेरिकेत झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी. मग बनारस, अलिगढ, आणि १९३३ पासून बारा वर्षे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९४६ ते १९६२ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक. राहायला मात्र पुण्यात, जाणे-येणे डेक्कन क्वीनने. २९ जून १९६६ रोजी पुण्यात निधन, वय ५८.

इतिहासाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. नाण्यांवरचे लेख १९४०च्या आसपासचे, संस्कृत कवी भर्तृहरीची संशोधित आवृत्ती (हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ) १९४८ची, इतिहासाचा मोठा ग्रंथ ('अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी') १९५६चा, निबंधसंग्रह १९५७ ('एक्झास्परेटिंग एसेज') आणि १९६२चे ('मिथ अँड रिअ‍ॅलिटी'). हा क्रम ध्यानात ठेवा. टीका शेवटी आली, मोजमाप आधी.

टाकसाळ

नाण्यांचे मी लिहितो, कारण 'कोसंबींनी नाणी तोलली' एवढ्यावरच बहुतेक लेख थांबतात.

नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी. पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर ठसे मारलेले, ३२ रतींचे, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचे. पुढच्या बाजूला सहसा पाच ठसे, मागे बारीकसारीक खुणा. राजाचे नाव नाही, वर्ष नाही. तोवरचा अभ्यास मुख्यतः ठशांचे अर्थ लावण्याचा होता: हा सूर्य, हा डोंगर, हे चक्र. कोसंबींनी प्रश्नच बदलला. नाणे हातोहात फिरते, झिजते, हलके होते. मग वजन हेच त्याचे वय सांगेल का?

पद्धत अशी:

१. एकाच निधीतली, म्हणजे एकत्र पुरलेल्या साठ्यातली, नाणी घ्यायची. तक्षशिलेच्या भीड टेकडीवर १९२४ मध्ये सापडलेल्या निधीत हजाराहून जास्त आहत नाणी होती. त्यांच्यासोबत अलेक्झांडरची नाणी आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिलिप अरिडेयसचे एक करकरीत नाणे होते. त्यावरून निधी इ.स.पू. ३१७च्या सुमारास पुरला गेला असे धरता येते.

२. पुढच्या पाच ठशांचा जो संच, त्यानुसार गट पाडायचे. एक संच म्हणजे एक टाकणी, टाकसाळीतून एकत्र निघालेली नाणी.

३. प्रत्येक गटात पुन्हा मागच्या खुणा मोजून पोटगट करायचे: शून्य खुणा, एक, दोन, असे.

४. प्रत्येक नाणे वेगळे तोलायचे आणि पोटगटाची सरासरी व विचलन (वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत ते) काढायचे. मूठभर नाणी एकदम तोलून भागाकार केला तर सरासरी मिळते, विचलन हातचे जाते. आणि अर्धी माहिती विचलनातच असते.

मागच्या खुणा जितक्या जास्त तितकी सरासरी कमी, असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी मांडले की या खुणा सराफांनी ठरावीक काळाने तपासणी करताना मारलेल्या असाव्यात. म्हणजे नाण्याच्या पाठीवरच त्याच्या फिरतीचा हिशेब आहे. झीज सारखी होत नसल्यामुळे काळासोबत विचलनही वाढते, हा दुसरा ताळा.

समाजाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. तक्षशिलेच्याच नंतरच्या निधीत, जो बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा डायोडोटस याच्या नाण्यामुळे इ.स.पू. २४८च्या सुमाराचा धरतात, तांब्याची भेसळ जास्त आणि टाकतानाचे वजनही ढिले. टाकसाळीवर ताण होता, राज्याचा खर्च चांदीला झेपत नव्हता, असा मौर्य काळाबद्दलचा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. 'सुवर्णयुग' हा शब्द त्यांना का खटकत असे, ते या तक्त्यांतून कळते.

जिज्ञासू_२

उत्तम माहिती. आजच्या नाण्यांवर हे करून पाहता येईल का? की झीज इतकी कमी असते की काहीच दिसणार नाही?

टाकसाळ

येईल. कोसंबींनी स्वतःही चलनातली आधुनिक नाणी हजारोंनी तोलली होती. वर्ष माहीत असलेल्या नाण्यांवर पद्धत खरी ठरली तरच ती वर्ष माहीत नसलेल्यांवर लावायची, असा तो विचार होता.

१९९२ पासूनचे तांबे-निकेलचे पाच रुपयांचे जाडे नाणे घ्या, ठरलेले वजन ९ ग्रॅम. पोलादी नाणी नकोत. ती कठीण असतात, झीज फार कमी. तराजू ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. आधी नाणी कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. चिंच, लिंबू किंवा पितांबरीने चकचकीत करू नका, त्याने धातूच निघतो. नाण्यावरच्या वर्षानुसार ढीग करा आणि दोन-चार वर्षांच्याच अंतरावरचे ढीग सोडून दहा-बारा वर्षांच्या अंतरावरचे दोन ढीग तोला.

किती नाणी? समजा एका वर्षाच्या नाण्यांचे विचलन ०.०५ ग्रॅम निघाले. २५ नाणी घेतली तर सरासरीतली चूक ०.०५ भागिले ५, म्हणजे ०.०१ ग्रॅम. दोन ढिगांच्या फरकातली चूक सुमारे ०.०१४. म्हणजे फरक ०.०३ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त आला तरच त्याला अर्थ. कमी आला तर नाणी वाढवा. चूक निम्मी करायची तर नाणी चौपट लागतात, २५ची १००.

फसते कुठे, तेही सांगतो, कारण जुन्या नाण्यांतही हेच फसते. दोन टाकसाळींची नाणी एकत्र झाली तर सुरुवातीचाच फरक झीज म्हणून वाचला जातो. गल्ल्यात पडून राहिलेले नाणे वर्षाने जुने पण फिरतीने नवे असते. जमिनीत पुरलेल्या नाण्यांत मिठाचे थर चढून वजन वाढते. आणि संग्रहालयात आम्लाने साफ केली की भेसळीतले तांबे विरघळून ते कमी होते. वेगवेगळ्या निधींतली नाणी मिसळून सरासरी काढली तर ती कशाचीच सरासरी नसते. बाजारातून एकेक विकत घेतलेली आहत नाणी या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत.

ठशांचे संच विशिष्ट राजांना लावण्याचा कोसंबींचा प्रयत्न मात्र पुढच्या नाणेतज्ज्ञांनी तसाच स्वीकारलेला नाही. तोलण्याची रीत टिकली, राजांची यादी वादात राहिली.

त्रिज्या

गणिताच्या बाजूने भर घालतो. लोक समजतात की कोसंबी गणित सोडून इतिहासात गेले. त्यांचे उत्तम गणित आणि नाणी एकाच काळातली आहेत.

१९४३ मध्ये त्यांनी फलनांच्या (फंक्शन्सच्या) अवकाशातल्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. पुढे कारहूनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जे विस्तारसूत्र प्रसिद्ध झाले, त्याची कल्पना त्यात आहे. १९४४ मध्ये जनुकनकाशासाठीचे सूत्र दिले, आणि ते आजही 'कोसंबी फलन' म्हणून पिकांच्या आनुवंशिकीत रोज वापरले जाते. दोन जनुकांत पुनर्संयोग, म्हणजे गुणसूत्र तुटून नव्याने जोडले जाणे, किती वेळा दिसतो (र) यावरून त्यांच्यातले खरे अंतर काढायचे असते. दोनदा तुटून जोडले गेलेले प्रसंग डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून र आणि अंतर सारखे नसते. कोसंबींचे सूत्र: (१ + २र) भागिले (१ − २र), त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, आणि त्याचा चौथा भाग.

र = ०.२० घेऊ. १.४ भागिले ०.६ म्हणजे २.३३३, लॉगॅरिदम ०.८४७, चौथा भाग ०.२१२. म्हणजे २१.२ सेंटिमॉर्गन (जनुकांतल्या अंतराचे एकक). जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या सूत्राने हेच २५.५ येते. हॉल्डेन धरतात की एका जागचा तुटवा शेजारच्या तुटव्याला अडवत नाही. कोसंबी धरतात की अडवतो, आणि जनुके जितकी जवळ तितका जास्त अडवतो. र ०.०५च्या खाली असेल तर कुठलेही वापरा, फरक नगण्य.

हे इथे लिहिण्याचे कारण आहे. शेजारच्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात, असे आपल्या सोयीसाठी धरायचे नाही, ही सवय त्यांच्या इतिहासातही दिसते.

आणि चूकही सांगायला हवी. १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या अनुमानाची (मूळ संख्यांशी निगडित, अजून न सुटलेला प्रश्न) सिद्धता म्हणून एक निबंध छापला, तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. त्यातली संभाव्यतेवरची मांडणी सिद्धता म्हणून उभी राहिली नाही. गणितज्ञांमधली त्यांची पत त्याने खालावली. १९६२ मध्ये संस्थेतला करार पुढे वाढवला गेला नाही, त्याची चर्चा करताना हा निबंध आणि अणुऊर्जेवरची त्यांची टीका या दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात.

पोथीखाना

भर्तृहरीचे काम नाण्यांसारखेच आहे, फक्त तराजूच्या जागी पाठभेद.

नीती, शृंगार, वैराग्य अशी तीन शतके, म्हणजे नावाप्रमाणे ३०० श्लोक हवेत. हस्तलिखितांत मात्र आकडा कुठेच जुळत नाही, कारण प्रत्येक लेखनिक आवडलेला सुभाषित श्लोक आत टाकत गेला. कोसंबींनी ३७७ हस्तलिखिते विचारात घेतली आणि श्लोकांचे तीन थर केले: सर्व शाखांत मिळणारे २००, काही शाखांत मिळणारे म्हणून संशयित १५२, आणि इकडेतिकडे आढळणारे ५००. एकूण ८५२.

नवशिक्या संपादकाची चूक इथे ठरलेली असते. जास्त हस्तलिखितांत आहे म्हणून श्लोक अस्सल, असे तो मत मोजल्यासारखे मोजतो. एकाच मूळ प्रतीवरून ५० नकला झाल्या असतील तर ती ५० मते नव्हेत, एकच मत आहे. म्हणून आधी प्रतींची कुळे लावायची: सामायिक चुका कुठे आहेत, श्लोकांचा क्रम कुठे सारखा आहे. मग कुळांची साक्ष मोजायची. भर्तृहरीच्या बाबतीत दुसरी अडचण म्हणजे लेखनिकांना श्लोक तोंडपाठ असत. समोर एक प्रत आणि डोक्यात दुसरीच, त्यामुळे कुळे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी एक मूळ पाठ सांगण्याचा हट्ट सोडून थर दाखवणे हेच प्रामाणिक काम. त्यांनी तेच केले.

आणि मग टीका. राजद्वारी ताटकळणारा, धनिकाचा तिरस्कार करणारा पण त्याच्याच दारी जाणारा, शेवटी वैराग्याकडे वळणारा हा कवी म्हणजे एका विशिष्ट वर्गाचा आवाज आहे, असे त्यांनी लिहिले. संस्कृतच्या अभ्यासकांना ते फार लागले. पण २०० श्लोकांचा गाभा आधी वेगळा काढल्यावर हे विधान केलेले आहे. मागाहून घुसलेल्या श्लोकांवरून कवीला धारेवर धरलेले नाही. याच ग्रंथाची अर्पणपत्रिका मार्क्स, एंगल्स, लेनिन यांना आहे, तीही संस्कृतात.

घाटवाट

आता पायपिटीचे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. नांगर येण्याआधी इथे शिकारी आणि पशुपालक होते, आणि त्यांच्या वाटा ठरलेल्या होत्या: पावसाळ्यात कोरड्या पठाराकडे, उन्हाळ्यात पाण्याकडे. वाटा जिथे मिळत तिथे दैवते उभी राहिली. गावे मागाहून वसली. म्हणून म्हसोबा, वेताळ, साती आसरा हे गावठाणात कमी आणि गावाबाहेर, शिवेवर, तिठ्यावर जास्त. अशा जागांभोवती बारीक गारगोटीची हत्यारे सापडतात का, हे त्यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर चालून पाहिले.

ज्यांना हे स्वतः पाहायचे आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. ही सूक्ष्मास्त्रे सहसा तीन सेंटिमीटरच्या आत असतात, कॅल्सेडनी, अकीक, जास्पर अशा दगडांची. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत हे दगड निसर्गतःच असतात, त्यामुळे चकाकता तुकडा दिसला की हत्यार समजणे ही पहिली चूक. आघाताच्या जागेजवळ फुगीर उंचवटा, पाठीवर आधी निघालेल्या पात्यांचे समांतर ओरखडे, आणि कडेवर मुद्दाम केलेली बारीक टवके काढणी पाहा. गाभा सापडला, म्हणजे ज्यावरून पाती काढली तो उरलेला दगड, तर खात्री वाढते. दुसरी चूक: रस्त्याची खडी, नांगराचा फाळ आणि गुरांचे खूर यांनीही टवके निघतात, पण ते वेडेवाकडे, एकाच कडेला नियमित नसतात.

तुकडा उचलून खिशात घालू नका. जागेवरच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या आणि अक्षांश-रेखांश नोंदवा. उचललेला दगड नुसता दगड उरतो, पुरावा त्याच्या जागेत असतो. पहिल्या पावसानंतर, गवत वाढण्याआधीचे आठ-दहा दिवस उत्तम. वरची धूळ वाहून गेलेली असते.

दैवताबद्दल विचारताना 'देव कोण' यापेक्षा चार प्रश्न जास्त उपयोगी: पुजारी कोणत्या समाजाचा, मान कोणाचा, नैवेद्य सामिष की गोडा, आणि पालखी कुठून कुठे जाते. वीरचा म्हस्कोबा घ्या, म्हणजे म्हसोबाच, महिषाशी जोडलेला देव. माघ पौर्णिमेला त्याचे जोगेश्वरीशी लग्न लागते. दुसरीकडे देवी महिषासुराला मारते, इथे म्हस्कोबा आणि देवीचे लग्न. दोन वेगळ्या जमातींची दैवते एकत्र कशी नांदू लागली, याची खूण कोसंबींनी अशा लग्नांत शोधली.

घाटवाटा आणि लेणी यांचेही तसेच. बोरघाटाच्या माथ्याजवळ कार्ले, भाजे, बेडसे. नाणेघाटामागे जुन्नरची लेणी. निवांत ध्यानासाठी डोंगर शोधला एवढे कारण पुरत नाही; व्यापारी तांड्यांच्या वाटेवरच विहार का? कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर दात्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकट या गावचे यवन (ग्रीक) आहेत. ते धेनुकाकट कार्ल्याच्या परिसरातच असावे असे कोसंबींचे मत. आणि त्याच चैत्याच्या दाराशी एकवीरा, जिच्या दर्शनाला कोळी आणि आगरी आजही कोकणातून घाट चढून येतात. वाट तीच, देव बदलले.

कोरडवाहू

सगळे मान्य, पण धागा स्तुतीकडे झुकतो आहे, म्हणून जिथे मोजमाप नव्हते तिथे काय झाले तेही नोंदवतो.

इंद्राने वृत्राला मारून पाणी मोकळे केले, या ऋचांवरून कोसंबींनी आर्यांनी सिंधू संस्कृतीचे बंधारे फोडले असे मांडले. उत्खननातून त्याला आधार मिळालेला नाही. गंगेच्या खोऱ्यातले जंगल लोखंडी हत्यारांशिवाय हटले नसते, हेही ते फार ठामपणे म्हणतात. आग लावूनही जंगल साफ होते, हा आक्षेप पुढच्या संशोधकांनी घेतला. आणि सरंजामशाहीची 'वरून आलेली' आणि 'खालून आलेली' ही विभागणी: राजाने दुय्यम राजांकडून खंडणी घेणे ही पहिली पायरी, गावातच जमीनदारवर्ग तयार होणे ही दुसरी. विचार करायला फार उपयोगी. पण भारतात मुळात सरंजामशाही होती का, असा सवाल हरबन्स मुखिया यांनी १९८१च्या निबंधात केला, आणि तो अजून मिटलेला नाही.

त्यांना 'पोथीनिष्ठ' म्हणणाऱ्यांना मात्र उत्तर द्यायलाच हवे. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी १९४९च्या पुस्तकात आदिम साम्यवाद, मग गुलामगिरी, असा युरोपचा साचा भारताला लावला, तेव्हा त्यावर सर्वांत कडक परीक्षण कोसंबींनीच लिहिले. ग्रीसमध्ये होती तशी गुलामांच्या श्रमावरची व्यवस्था इथे पुराव्यात दिसत नाही, मग पायरी म्हणून ती घुसवायची नाही. कम्युनिस्ट पक्षातल्या अधिकृत मंडळींशी त्यांचे यामुळे कधीच जमले नाही.

घाटवाट

कोरडवाहू, बंधाऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. तिथे त्यांनी कवितेचा शब्द पुरावा म्हणून धरला. भर्तृहरीच्या वेळी ते जे स्वतः टाळत होते, तेच इथे केले.

गीतेवरच्या निबंधाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तिथे त्यांचा प्रश्न साधा आहे: परस्परविरुद्ध मतांच्या इतक्या लोकांना एकाच ग्रंथात आपापला आधार कसा सापडतो? त्यांचे उत्तर असे की ग्रंथाची घडणच विरोध जुळवून घेणारी आहे, आणि भक्तीतली एकनिष्ठा सरंजामी समाजाला सोयीची होती. याच निबंधात ज्ञानेश्वरांबद्दल आदराने लिहिले आहे. शके १२१२ मध्ये गीता लोकांच्या भाषेत आणणे हे त्यांना धाडसच वाटते. निबंध न वाचता त्यावर चिडणारे आणि न वाचता तो मिरवणारे, दोघांनी हा भाग वाचावा.

उन्हाची_चूल

अणुऊर्जेचा नुसता उल्लेख झाला, म्हणून लिहितो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सौरऊर्जेची बाजू घेतली, आणि तीही हिशेबाने. अणुवीज स्वस्त म्हणताना संशोधनाचा खर्च, किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट आणि वीज लांब वाहून नेण्याचा खर्च कुठल्या खात्यात लिहिता, हा त्यांचा प्रश्न. ऊन मात्र जिथे ऊर्जा लागते तिथेच पडते. त्यामुळे विखुरलेल्या खेड्यांच्या देशात आधी उन्हाचा वापर, वृक्षलागवड आणि शेणाचा गॅस यांकडे पाहावे. मोठी केंद्रे उभी राहतात ती लोकांच्या गरजेपेक्षा प्रतिष्ठेसाठी, हे त्यांनी स्वतः अणुसंशोधनाच्या वर्तुळात वावरत असताना सांगितले. ते जागतिक शांतता चळवळीतही होते.

त्यांचा हिशेब कच्चा कुठे होता? साठवणुकीत. रात्रीची वीज आणि ढगाळ दिवस यांचे उत्तर त्या काळच्या तंत्राकडे नव्हते.

जिज्ञासू_२

वाचायला सुरुवात कुठून करावी? १९५६चा ग्रंथ दोनदा हाती घेऊन सोडला.

पोथीखाना

तो ग्रंथ शेवटी घ्या. आधी १९६२च्या संग्रहातला तिठ्यावरच्या मातृदेवतांचा निबंध, नकाशा शेजारी ठेवून. मग गीतेवरचा. त्यानंतर १९६५चे संस्कृतीवरचे पुस्तक ('द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया'), ते सर्वसाधारण वाचकासाठीच लिहिलेले आहे. मग १९५६चा ग्रंथ उघडा, पण दुसऱ्या प्रकरणापासून. तिथे पुण्यातल्या घराभोवतीची वस्ती, पारधी, रामोशी, वडार यांच्या जगण्यातून ते प्राचीन समाज वाचतात. पहिल्या प्रकरणातली व्याख्या त्यानंतर वाचली की अंगावर येत नाही.

टाकसाळ

आणि नाण्यांचे लेख वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. कोष्टकातला एक गट घेऊन खुणांची संख्या आडवी आणि सरासरी वजन उभे असा आलेख स्वतः काढा. ज्या पोटगटात चार-पाचच नाणी आहेत तो बिंदू पोकळ ठेवा, रेघ त्यावर ओढू नका.